बऱ्या झालेल्यांना बोलू द्या

सोलापूर-धाराशिवच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या माझ्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

अध्यक्ष म्हणून मी नव्या औषधांबद्दल बोलावं, अशी अपेक्षा असेल. पण स्तनातली गाठ हाताला लागूनही आपल्याकडची बाई महिनोन् महिने गप्प का राहते, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

गाठ दुखत नाही, म्हणून ती गप्प राहते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. दुखू लागली की आधी घरगुती लेप होतात, मग अंगारे. तपासणीसाठी गाठीत सुई टोचली की रोग पसरतो, असंही कुणीतरी तिच्या कानावर घातलेलं असतं. अखेर तपासणी होते तेव्हा रोग आधीच यकृतात पोचलेला असतो. ती दगावते आणि गाव म्हणतं, सुई लावली अन् पसरला. उशिरानं घेतलेला बळी सुईच्या नावावर जमा होतो आणि पुढची बाई आणखी उशिरा येते.

घरातही तीच भीती. आजारी सुनेचं ताट वेगळं होतं. रेडिएशन घेऊन आलेल्या आजीजवळ नातवाला जाऊ देत नाहीत. कॅन्सर ताटातून लागत नाही, आणि यंत्रानं बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर बसू द्या, हे घरच्यांना आपणच सांगायला हवं.

उपचार आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. केमोतल्या उलट्या आवरणारी चांगली औषधं आहेत, गेलेले केस परत येतात, लवकर सापडलेल्या गाठीसाठी पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर नीट उपचार मिळाले तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. सगळे कॅन्सर बरे होतात, असं मी म्हणणार नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आजही हात टेकायला लावतो. खोटी आशा दाखवली की लोकांचा आपल्या खऱ्या शब्दावरचाही विश्वास उडतो.

भीती कशी जाते, याचं उत्तर आपल्याच बार्शीनं दिलं आहे. 1987 साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते नोंदी घेत फिरायचे आणि फिरता फिरता लोकांशी आजाराबद्दल बोलायचे. अंगावरून अवेळी जाणाऱ्या रक्ताविषयी बायकांशी उघडपणे बोलायचे. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. गावोगाव काही मोठी यंत्रं गेली नव्हती, माणसं गेली होती. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची चाचणी ज्यांना एकदाच देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगानं त्याची दखल घेतली. ज्यांच्यामुळे तो निघाला त्या बायका आपल्या भागातल्या, याचा मला फार अभिमान वाटतो.

तरीही भीती टिकून आहे, कारण मेलेला माणूस साऱ्या गावाला दिसतो आणि बरी झालेली बाई मात्र लपून राहते. मुलीचं लग्न अडेल, म्हणून घरचे तिला बोलू देत नाहीत. आपणही नातेवाइकांच्या आग्रहाखातर रुग्णापासून आजाराचं नाव दडवतो. त्या दडवण्यातून रुग्णाला एवढंच कळतं, की आता काही खरं नाही. ही आपली चूक आहे आणि ती आपणच थांबवली पाहिजे.

माझी विनंती आहे. रुग्णाला शेजारी बसवून आजाराचं नाव सांगा आणि उपचार काय आहेत तेही त्याच बैठकीत सांगा. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-गुटखा खाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात टॉर्च लावून बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर मलम देऊन घरी पाठवू नका, पुढे धाडा. आणि तुमच्या गावात बरी होऊन शेतात कामाला जाणारी एखादी बाई असेल, तर तिची तयारी असल्यास, येत्या शिबिरात माईक आधी तिच्या हाती द्या. आपण नंतर बोलू.