वाढत्या मुलांशी जवळीक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्राचे वाचन आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ वर्धमानांनी हालचाल थांबविली. त्या स्तब्धतेनेच त्रिशलामाता शोकाकुल झाल्या. तेव्हा त्यांनी किंचित हालचाल केली आणि माता-पिता हयात असेतोवर दीक्षा न घेण्याचा संकल्प केला. मला यातून जाणवणारा बोध असा, की अबोला सद्हेतूने धरलेला असला, तरी जिवलगांना तो दुःखच देतो.

बारा-तेरा वर्षांचे मूल खोलीचे दार लावून घेऊ लागले, की आई-वडीलही असेच व्याकूळ होतात. मूल दुरावले, असा निष्कर्ष घाईने निघतो. रीड लार्सन व सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, दहा ते अठरा या वयात कुटुंबासमवेतचा वेळ जागेपणीच्या काळाच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलेला आढळला. परंतु केवळ आईबरोबर वा केवळ वडिलांबरोबर घालविलेला वेळ फारसा घटला नाही. आरंभी कडवटलेल्या भावनाही पुढे निवळल्या.

आपल्या व्यापारी घरांची अडचण थोडी निराळी आहे. चौविहार पाळणारी मुले सूर्यास्तापूर्वी घरी जेवतात. त्याच वेळी दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ असते आणि वडिलांचा डबा गादीवरच उघडतो. रात्री दुकान वाढवून ते घरी परततात, तेव्हा बोलण्यास एकच विषय उरतो, "मार्क किती पडले ?" यासाठी नियम मोडण्याचे कारण नाही, वेळ निराळी शोधावी. सकाळी दर्शनाला जाताना एका मुलाला सोबत न्यावे. साप्ताहिक सुट्टीतील एक तास त्याचा असावा. त्या तासात उपदेश नसावा, श्रवण असावे. अनेकांताचा गौरव आपण व्यासपीठावरून करतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, हे घरात मानणे अधिक कठीण आहे.

संवत्सरीला दलाल, आडते, गिऱ्हाईक या सर्वांना आपण 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. मुलांनी मात्र आपल्या पाया पडून ते म्हणावे, अशी अपेक्षा असते. क्षमापना सर्व जीवांशी करावयाची आहे. तीतून आपले मूल वगळलेले नाही. यंदा वडीलधाऱ्यांनी प्रथम हात जोडावेत, एवढीच विनंती. जय जिनेंद्र.