वडीलधाऱ्यांचे उत्तर आणि जुना कागद
(सूरजागड येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्याविषयी दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी एकच प्रश्न आपणांपुढे ठेवतो. “पूर्वी कातडीचा कर्करोग झाला होता काय?” असे डॉक्टरांनी विचारले असता आपल्या घरचे आजोबा वा आजी जे उत्तर देतात, त्यावर कितपत विसंबावे?

हे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. कोणी साधी चामखीळ काढलेली असते, तिलाच तो कॅन्सर म्हणतो. उलट, ज्याची गाठ खरोखरीच कर्करोगाची होती, तो निःशंकपणे “नाही” म्हणतो. येथे वृद्धांच्या स्मरणशक्तीस सर्वस्वी दोष देणे न्यायाचे नव्हे. म्हातारा माणूस खचेल म्हणून पुष्कळदा घरच्यांनीच “साधी गाठ होती, काढून टाकली” असे सांगितलेले असते. जे कधी कानावरच आले नाही, ते आठवणार कसे? हेतू मायेचा असतो. परिणाम मात्र घातक. एकदा त्वचेचा कर्करोग झालेल्यास तो पुन्हा उलटण्याचा अथवा दुसऱ्या जागी नव्याने होण्याचा संभव अधिक असतो. हे ठाऊक नसलेला माणूस नव्या व्रणावर हळद लावून स्वस्थ बसतो.

म्हणून रोगाचे नाव विचारण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारावी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतर घट्ट कसण्याच्या सवयीमुळे कमरेच्या त्वचेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाचे नाव रोग्यास ठाऊक नसेल. आपण धोतर कसे नेसतो, हे मात्र त्यास पक्के ठाऊक असते.

भाजल्याच्या वणाचेही तसेच. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलां यांनी १८२८ साली जुन्या वणांवरील व्रणांचे वर्णन केले. अशा वणातून कर्करोग उद्भवण्यास तीस-तीस वर्षेही लागतात. आपल्या या अरण्यप्रदेशात थंडीची रात्र शेकोटीपाशी काढणारे वृद्ध पुष्कळ आहेत. बालपणी पाय कोठे भाजला, हे ते अचूक सांगतील. परंतु माडिया बोलणाऱ्या आजीचे उत्तर दुभाष्याच्या तोंडून मराठीत येते. तेथे “फोड”, “जखम” व “गाठ” यांची सरमिसळ सहज होते. यास्तव ऐकण्याच्या जोडीला त्वचा डोळ्यांनी पाहणेही अवश्य आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रोग्यांची वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी लक्षणांची चौकशी केली आणि संशयितांस तपासणीसाठी रुग्णालयात आणले. आपल्या घरांतून हेच काम मुलासुनांनी करावे.

कुटुंबीयांस माझी विनंती इतकीच. गाठ वा व्रण काढल्यावर तुकडा तपासल्याचा अहवाल अवश्य मागून घ्यावा आणि सातबाऱ्याच्या कागदांइतक्याच जपणुकीने ठेवावा. एटापल्लीहून चंद्रपूर, तेथून नागपूर, असा प्रवास करताना प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर तोच प्रश्न विचारतो. त्याचे खरे उत्तर त्या कागदात असते. जुना वण फुटला, रक्त येऊ लागले, अथवा जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर विलंब करू नये. आणि वडीलधाऱ्यांना त्यांचा रोग सौम्य शब्दांत, पण खरा सांगावा. त्यांचे उत्तर विश्वसनीय व्हावे असे वाटत असेल, तर आपण त्यांना सांगितलेलेही तसेच असले पाहिजे.