सुरक्षित मातृत्व : वेळेपूर्वीची तयारी



गरोदरपणातील दुखण्याकडे पाहण्याची एक जुनी रीत आहे. ताप आला, पाय सुजले, लघवीला जळजळ झाली, तर "या दिवसांत असे व्हायचेच" असे म्हणून ते अंगावर काढावयाचे. आणि संकट ओढवले म्हणजे मध्यरात्री वाहनाची शोधाशोध करावयाची. वस्तुतः पुष्कळदा संकटाचे मूळ त्या दुर्लक्षित दुखण्यातच असते.

मूत्रमार्गाचा संसर्ग हे याचे नेहमीचे उदाहरण होय. वाढत्या गर्भाशयाच्या दाबामुळे लघवीचा प्रवाह मंदावतो व जंतूंना वाव मिळतो. कित्येकदा जळजळही होत नाही. दोष केवळ तपासणीत कळतो. उपचार न झाल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो, थंडी वाजून ताप भरतो आणि अकाली प्रसूतीची भीती निर्माण होते. गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीत आढळणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापाचे परोपजीवी तर वारेत साठून राहतात. त्यामुळे मातेचे रक्त घटते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते.

काविळीचा प्रश्न थेट ग्रामपंचायतीशी निगडित आहे. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांची बहुधा काही आठवड्यांत बरी होते. परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ती झालेल्या मातांपैकी शेकडा वीस-पंचवीसपर्यंत माता साथींमध्ये दगावल्या आहेत. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून प्रचंड साथ उद्भवली होती. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने तपासले गेले आणि ही कावीळ 'ए' वा 'बी' प्रकारची नव्हे, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा विहिरीत नियमाने टाकलेली टी.सी.एल. पावडर हे गरोदर मातेचे संरक्षणच होय. अशाच क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवावयास लावून डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातील मृत्यू अल्पावधीत कमी करून दाखविले होते.

काही लक्षणे मात्र क्षणाचाही विलंब सहन करीत नाहीत. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांबरोबर चेहऱ्यावर सूज, आकडी येणे, कळांपूर्वीच पाणमोट फुटणे, थंडी वाजून ताप, बाळाची हालचाल मंदावणे. आकडी ही बाहेरची बाधा नसून वाढलेल्या रक्तदाबाचा परिणाम असतो. तेथे अंगारा नव्हे, इंजेक्शन लागते. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात तर धडधाकट बाईही उपचाराअभावी दोन तासांच्या आत दगावू शकते.

अशा मृत्यूंच्या मुळाशी तीन विलंब असतात, असे तज्ज्ञ सांगतात. पहिला निर्णयाचा, दुसरा प्रवासाचा, तिसरा रुग्णालयातील उपचाराचा. यांपैकी प्रत्येक विलंबावर कोणा ना कोणाला उपाय करता येतो.

पहिला विलंब अज्ञानातून व संकोचातून होतो. सासू, नवरा, दीर यांना धोक्याची लक्षणे आधीच ठाऊक असली, तर निर्णय अडत नाही. शाळेतील पालकसभा ही त्यासाठी उत्तम जागा आहे आणि शिक्षकाच्या शब्दाला गावात वजन असते. दुसरा विलंब ग्रामपंचायतीने टाळावयाचा आहे. आशा व परिचारिका यांच्याकडून प्रसूतीच्या अपेक्षित तारखा समजून घ्याव्यात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे; तथापि पावसाळ्यात नाला भरला तर ती वस्तीपर्यंत येणार कशी, याचा विचार उन्हाळ्यातच व्हावा. अशा वस्तीवरील मातेला दिवस भरत येताच दवाखान्याजवळ हलविणे श्रेयस्कर. तिसरा विलंब अधिकाऱ्यांच्या कक्षेतील आहे. औषधे, रक्त, भूलतज्ज्ञ यांची उपलब्धता कागदावर नव्हे, प्रत्यक्ष पाहिली पाहिजे.

शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, रक्त, औषधे व वाहन विनामूल्य देणारा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. दरमहा ९ तारखेच्या तज्ज्ञ तपासणीची योजना २०१६ मधील. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाचे प्रमाण ९७ होते. ही प्रगती समाधानाची असली, तरी सरासरीच्या आकड्यात दूरची वस्ती दिसत नाही. तेथील मातेची नोंद ठेवणे, तिची तपासणी चुकू न देणे आणि तिची वाट मोकळी ठेवणे, हे गावाचेच कर्तव्य होय.