नाकाकडून किती मागावं?



तुळशीचं लग्न लागलं की आमच्या भिवंडी भागात लगीनसराई सुरू होते आणि नाक-कान-घशाच्या दवाखान्यात एक ठरावीक मागणी वाढते. नाकाचा आकार बदलून हवा असतो. मुलगी एकटी क्वचितच येते. बरोबर आई असते, नाहीतर मामी. कधी होणाऱ्या सासूबाईंच्या कानावर जाऊ द्यायचं नसतं म्हणून मोठी बहीणच तेवढी येते. मुलगेही येतात, पण ते सहसा श्वासाची तक्रार पुढे करतात आणि आकाराचं निघता निघता, दाराशी उभं राहून विचारतात.

पूर्णा गावातल्या एका गोदामात बिलिंगचं काम करणारी एक मुलगी मागच्या हंगामात माझ्याकडे आली होती. तिनं मोबाईल पुढे केला. फोटो तिचाच होता, पण एका ॲपनं नाक बारीक करून शेंडा वर उचलून दिला होता. म्हणाली, “डॉक्टर, अगदी असंच करून द्या. दीड महिन्यानं हळद आहे.” तिच्या मागणीतला आकारही जमण्यासारखा नव्हता आणि मुदतही. हे दोन्ही तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

आधी त्या फोटोबद्दल. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याचा जो भाग कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ, तो सर्वांत मोठा दिसतो, आणि तो भाग म्हणजे नाक. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भासते. मुली ज्या नाकाला कंटाळलेल्या असतात, ते पुष्कळदा समोरच्या माणसाला दिसतच नसतं. म्हणून मी सांगते, सेल्फी बाजूला ठेवा. दिवसाच्या उजेडात, पाच-सहा फुटांवरून दुसऱ्या कुणालातरी फोटो काढायला सांगा, एक समोरून आणि एक बाजूनं, आणि मग बोलू. काही जणींचा निर्णय त्या फोटोपाशीच बदलतो.

नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा आणि या सगळ्यावर कातडी. हाडावरचा उंचवटा घासून काढता येतो, वाकडं हाड कापून जागेवर बसवता येतं, शेंड्याची कूर्चा थोडी काढून किंवा टाके घालून तिला आकार देता येतो. बसकं नाक उंच करायचं तर नाकाच्या पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा लागते. कातडीपुढे मात्र सर्जनचं फारसं चालत नाही. आपल्याकडे पुष्कळांच्या नाकाची कातडी जाड असते. आत कितीही रेखीव काम केलं तरी वरून ते तितकं रेखीव उमटत नाही. नाक फार बारीक केलं तर जाड कातडी नीट बसत नाही आणि शेंडा उलट गोळा झाल्यासारखा दिसतो. पातळ कातडीची अडचण वेगळी, तिच्यातून आतली लहानशी उंचसखलताही दिसते. तुमच्या नाकाचं काय होऊ शकेल याचं उत्तर तुमच्याच नाकात असतं, नटीच्या फोटोत ते सापडत नाही.

या शस्त्रक्रियेचा जगात सर्वांत गाजलेला दाखला आपल्या पुण्यातला आहे, आणि अपेक्षेच्या बाबतीत तो मला फार मोलाचा वाटतो. कावसजी नावाचा शेतकरी जातीचा एक मराठा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आलं. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकारानं १७९४च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये त्या चित्रासह हकिकत छापून आली.

त्या कारागिराची पद्धत पाहा. आधी मेणाचं पातळ पान उरलेल्या नाकावर बसवून त्या माणसाला शोभेल असं नाक घडवायचं. मग ते पान सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिच्यातून रक्त वाहत राहतं. कातडी अर्धा पिळा देऊन खाली आणायची आणि नाकाच्या थोटक्याभोवती ताजा छेद घेऊन त्यात तिची कड बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस माणसानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची आणि नाकाला थोडा आकार द्यायचा. भूल नव्हती.

हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली तिथं ही शस्त्रक्रिया केली, १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि युरोपात ही विद्या नव्यानं रुजली. त्याहून फार जुन्या सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचं नाक करण्याची रीत आहेच.

मला यातलं मेणाचं पान महत्त्वाचं वाटतं. त्या कारागिरानं माप घेतलं ते त्याच माणसाच्या उरलेल्या नाकावर. कावसजीच्या कपाळावर वण राहिला, आणि लंडनला गेलेल्या हकिकतीतही नवं नाक जवळजवळ नैसर्गिक दिसतं असं म्हटलं होतं. आज कॉम्प्युटरवर होणाऱ्या नाकाचं चित्र दाखवतात. बोलणी नीट व्हावीत यासाठी ते चांगलं आहे. पण कुणी ते चित्र हमी म्हणून दाखवत असेल, तर तिथून उठावं.

आता मुदतीचं. आजची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन-तीन तास चालते. नाकावरचा साचा आठवडाभर असतो. डोळ्यांखाली काळंनिळं होतं, ते उतरायला दहा-पंधरा दिवस लागतात. काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, चष्म्याचा भार नाकावर टाकायचा नाही. महिना-दोन महिन्यांत चार लोकांत वावरण्याजोगा चेहरा होतो, पण शेंड्याची सूज ओसरायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहूनही जास्त. शेंडा काही महिने बधिरही राहतो. अशा नाकावर हळदीचे हात, पै-पाहुण्यांचे गालगुच्चे आणि दिवसभर चापाची जड नथ! त्या मुलीला मी लग्नाआधी शस्त्रक्रिया करू नकोस असं स्पष्ट सांगितलं. तिची आई नाराज झाली. “बाकी ठिकाणी करून देतात,” म्हणाली. देत असतील. मी माझं उत्तर बदललं नाही.

कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गोदामांतली धूळ, ट्रकचा धूर, पलीकडे यंत्रमागांची तूस, यानं इथल्या कितीतरी जणांचं नाक बारमाही चोंदलेलं असतं. नाकाचा आकार बदलला की सर्दी जाईल, असं त्यांना वाटतं. पडदा वाकडा असेल तर तो सरळ केल्यानं श्वास मोकळा होऊ शकतो, आणि ते काम आकाराच्या शस्त्रक्रियेबरोबर करताही येतं. पण ॲलर्जीची सूज कापून जात नाही. शस्त्रक्रियेनंतरही औषध आणि मास्क चालूच ठेवावे लागतात. हे आधी समजलं नाही तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही फसल्यासारखी वाटते.

आणि हे नाक नेमकं कुणाला खुपतंय, तेही मी विचारते. लहानपणी आत्यानं ‘नकटी’ म्हटलं, ते पंचवीस वर्षांच्या मुलीला अजून टोचत असतं. ते दुःख खरं आहे, त्याला कुणी नटवेपणा म्हणू नये. ठळक उंचवटा किंवा अपघातानं वाकलेलं नाक दुरुस्त झाल्यावर माणसं मोकळेपणानं फोटोला उभी राहतात, हे मी पाहिलं आहे. पण नाक बदललं की ठरलेलं लग्न सुखाचं होईल, नवरा जास्त जीव लावेल, अशी आशा कुणी बोलून दाखवली की मी थांबते. काही जण तर दिवसातले तास आरशापुढे घालवतात आणि दुसऱ्याला दिसतही नाही असा दोष त्यांना दिसत राहतो. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. सुरीनं तो त्रास बहुधा कमी होत नाही, कधी वाढतोही.

डॉक्टर निवडताना त्यांची पदवी विचारा. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा नाक-कान-घशाची एम.एस. आहे का, अशा शस्त्रक्रिया ते नियमित करतात का, मनासारखं झालं नाही तर पुढे काय, हे सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. काही जणांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, आणि ती साधारण वर्षभरानंतरच करतात. तिचा खर्च कोण करणार, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही. मुंबईत के.ई.एम., सायन, नायर आणि जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. अपघातानं किंवा जन्मतः बिघडलेल्या नाकासाठी तिथं जरूर जावं.

मोटारसायकलवरून पडून नाक फुटलं असेल तर मात्र वाट पाहू नका. सरकलेलं हाड मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आतच सोप्या रीतीनं बसवता येतं. त्यानंतर ते तसंच जुळतं आणि मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. सूज आहे म्हणून घरी बसू नका, पहिल्या दोन-चार दिवसांतच दाखवा. नाकाच्या मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी मऊ फुगवटा दिसला आणि नाक पूर्ण बंद झालं, तर तिथं रक्त साकळलेलं असू शकतं. ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कूर्चा मरते आणि नाक बसतं. मग रात्रीचे बारा वाजलेले असले तरी दवाखाना गाठा.