काढून टाकण्याचा हुकूम



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर फार झाले. मी संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण चाकणच्या एका कारखान्यातील कारकुनांच्या गाऱ्हाण्याने मला हा विषय शिकविला.

एका सोमवारी त्यांनी संगणक सुरू केले, तो ज्या प्रोग्रामवर ते कंत्राटी कामगारांच्या ओव्हरटाइमचे तास मांडीत, तो नाहीसा! फाइली जागेवर होत्या. त्या उघडणारे साधन गेले होते. पगार ७ तारखेला वाटायचा होता.

ही चोरी नव्हे. कचेरीतील सर्व संगणक एका सर्व्हरच्या हुकमतीत असतात. तेथे हुकूम एकदाच नोंदवायचा. प्रत्येक यंत्र सुरू होताना तो विचारून घेते आणि मुकाट्याने अमलात आणते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या प्रोग्रामात भोके राहतात, त्यांतून चोर शिरतो. शिवाय परवान्याचे पैसे भरावे लागतात. तेव्हा काढणे जरुरीचे असते. पण मायक्रोसॉफ्टच्या ग्रुप पॉलिसी या व्यवस्थेत त्याचे दोन मार्ग आहेत. एक, ताबडतोब काढा. दुसरा, ज्यांच्याकडे आहे त्यांना वापरू द्या, नव्याने कुणाला देऊ नका. आणि काढण्याचा हुकूम न देता नुसती मूळ नोंदच पुसली, तर बहुधा प्रोग्राम यंत्रांवर बेवारशासारखा पडून राहतो.

म्हणजे सबुरीचा मार्ग यंत्रात होता. तो कुणी निवडला नाही, कारण टेबलावर बसणाऱ्याला कुणी विचारलेच नव्हते!

१९८३ साली बँकांमधील यंत्रीकरणाविषयी बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमाने नोकरीच्या ठरावीक अटी बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. प्रोग्राम ही नोकरीची अट नव्हे, हे मी जाणतो. पण न्याय तोच आहे: ज्याच्या हातचे हत्यार काढून घ्यायचे, त्याला आधी सांगावे.

आम्ही मागितले ते एवढेच: आधी नोटीस, दोनतीन यंत्रांवर चाचणी, जुन्या फाइली नव्या साधनात उघडतात याची खात्री, मग हुकूम. व्यवस्थापनाने ते मानले. त्या महिन्याचे तास मात्र कारकुनांनी रात्री जागून हजेरीपत्रकांवरून पुन्हा मांडले. काही पाने सापडलीच नाहीत. ज्यांचे तास त्या पानांवर होते, त्यांच्या घामाचा हिशेब कोणत्या सर्व्हरवर शोधायचा?