नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर म्हणजे किती?



पावसाळ्यात रोज सकाळी वृत्तपत्रात दोन आकडे शेजारी शेजारी छापून येतात : एक कुलाब्याचा, दुसरा सांताक्रूझचा. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी ते वाचले जातात आणि विसरलेही जातात. परंतु घरातले एखादे मूल मध्येच विचारते, ‘पाणी लिटरने मोजतात, मग पाऊस मिलिमीटरने का?’ आणि मोठ्या माणसांना उत्तर सुचत नाही.

उत्तर सोपे आहे. पडलेले पाणी वाहून गेले नाही, जमिनीत मुरले नाही, तर सपाट जागेवर त्याचा जेवढ्या उंचीचा थर साचेल, ती उंची म्हणजे पाऊस. म्हणूनच सरळ बाजूंचे भांडे लहान असो वा मोठे, आकडा तोच येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढा हिशेब ध्यानात ठेवला, की २६ जुलै २००५ या दिवसाचा अर्थ उलगडतो.

२७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर सुमारे ८८ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर! त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर.

दोन्ही आकडे खरे होते. अरबी समुद्रावरील दमट हवा वर चढते, थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात; आणि थेंब बनताना बाहेर पडणारी उष्णता त्या हवेला आणखी वर ढकलते. असा ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो, पण त्याचा विस्तार मर्यादित असतो. त्या दिवशी असे ढग उपनगरांवर दाटले; कुलाबा त्यांच्या छायेबाहेर राहिले.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. त्या दुपारी एका तासातच सुमारे १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यातच भरतीची वेळ. समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखाहून वर गेली, की पाणी बाहेर पडणार कोठे? विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी माहीमच्या खाडीकडे नेणारी मिठी नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

त्यांतील काही जण बंद मोटारीत गुदमरले. दार का उघडले नसेल? पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. मीटरभर रुंदीच्या दाराबाहेर साठ सेंटिमीटर पाणी असेल आणि गाडी आतून कोरडी असेल, तर दारावर सुमारे १८० किलो वजनाएवढा जोर येतो. बलदंड माणसालाही ते लोटणे कठीण. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्याने बंद पडू शकतात. म्हणून पाणी दाराला लागण्यापूर्वीच गाडी सोडावी. अडकलेच तर आधी काच खाली करून खिडकीतून बाहेर पडावे. गाडी पुन्हा घेता येते.

या प्रलयाच्या कारणांचा शोध माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घेतला. पुढे शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि २०२२ साली अंधेरीजवळ वेरावली येथे डॉप्लर रडार कार्यान्वित झाले.

शासनाची यंत्रे आपले काम करतील. घराचेही एक काम आहे. गच्चीवर, आडोसा नसेल अशा जागी, सरळ बाजूंचा एक डबा ठेवावा आणि मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी. तासाभरात डब्यात पाच सेंटिमीटर पाणी साचले, तर सुधारलेल्या वाहिन्यांचीही मर्यादा गाठली गेली, असे समजावे. त्याच वेळी भरती असेल, तर बाहेर पडू पाहणाऱ्याला दारातच थांबवावे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या डब्यात आहे, आणि कदाचित घरच्या माणसाचा जीवही.