वॉर्सा : स्मरणातून उभारलेली नगरी

पोलंडची राजधानी वॉर्सा ही विस्तुला नदीच्या डाव्या तीरावरील उंचवट्यावर वसली. १५९६ साली तिसऱ्या सिगिस्मुंड राजाने क्राकूव सोडून आपला दरबार येथे हलविण्याचे योजिले आणि या नगरीचे भाग्य उजळले. आज नदीकडून वर येणाऱ्या प्रवाशास तांबूस भिंतींचा राजवाडा, त्याच्यापुढील चौकात १६४४ साली उभारलेला या राजाचा स्तंभ, आणि पलीकडे बाजारचौकाभोवती दाटीने उभी असलेली रंगीत घरे दिसतात. ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या हे या नगरीचे चिन्ह. तिची मूर्ती त्याच बाजारचौकात आहे. हे सारे पाहून कोणासही वाटावे, की येथे तीनशे वर्षांत काळाचा हात फिरलाच नसावा. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. यांतील बहुतेक वास्तू १९४५ नंतर बांधलेल्या आहेत.

१ ऑगस्ट १९४४ रोजी नागरिकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो त्रेसष्ट दिवस टिकला. पराभवानंतर उरलेल्या रहिवाशांस बाहेर घालवून जर्मन पथकांनी घरांमागून घरे पेटविली व सुरुंगांनी उडविली. राजवाडाही त्याच वर्षी उडविण्यात आला. जुन्या नगरीचा शेकडा पंचाऐंशीहून अधिक भाग मातीस मिळाला.

मग ती पुन्हा उभी कशी राहिली? येथील स्थापत्यविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी यांनी जुन्या घरांची मापे घेऊन आराखडे काढून ठेविले होते. ते युद्धकाळात गुप्तपणे पियोत्रकूव येथील मठात लपविण्यात आले, म्हणून वाचले. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार स्तानिस्लाव ऑगस्ट राजाच्या पदरी होता. त्याने येथील रस्ते व प्रासाद बारकाव्यांसह रंगविले होते. ती चित्रेही कामी आली. यान झाखवातोविच प्रभृती स्थापत्यविशारदांच्या मार्गदर्शनाखाली काम चालले आणि १९५३ च्या जुलैत बाजारचौक लोकांस खुला झाला. राजवाड्यास मात्र १९७१ पर्यंत थांबावे लागले. पुढे लोकांच्या देणग्यांतून तो उभा राहिला. १९३९ च्या बाँबहल्ल्यात सव्वाअकरा वाजता बंद पडलेले त्याच्या मनोऱ्यावरील घड्याळ १९७४ साली त्याच वेळेपासून पुन्हा चालू करण्यात आले.

यावर कोणी म्हणेल, ही तर नक्कल! आक्षेप अगदीच निराधार नाही. बेलोत्तोने काही ठिकाणी वास्तवापेक्षा सौंदर्याकडे अधिक लक्ष दिले होते. घरांची अंतर्रचना नव्या सोयींनुसार झाली. व्रोत्सवाफसारख्या शहरांतून विटाही आणल्या गेल्या. तथापि युनेस्कोने १९८० साली या भागास जागतिक वारसास्थानाचा मान दिला. मराठी कानास 'वॉर्सा' आणि 'वारसा' हे शब्द जवळचे वाटतात. तो केवळ योगायोग. परंतु वारसा दगडाइतकाच तो जपणाऱ्यांच्या स्मरणात असतो, हे या नगरीने सिद्ध केले.

या सत्याची दुसरी बाजू दुःखद आहे. युद्धापूर्वी येथील सुमारे एकतृतीयांश लोक ज्यू होते. त्यांना कोंडून ठेवलेला भाग १९४३ च्या उठावानंतर जमीनदोस्त करण्यात आला. तो पूर्वीच्या रूपात पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्या ढिगाऱ्यांवर नवी वसाहत उठली. ज्यांनी त्या गल्ल्यांचे स्मरण ठेवावयाचे, त्यांतले फारच थोडे जिवंत राहिले होते.

परदेशी मिळालेल्या आसऱ्याचे स्मरणही येथे ठेवलेले आहे. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांस आश्रय मिळाला. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. त्याची आठवण सांगणारा फलक वॉर्सात आहे.

सिगिस्मुंडाचा स्तंभ १९४४ साली कोसळला व १९४९ साली नव्या खांबावर पुन्हा उभा राहिला. जुन्या खांबाचे भग्न तुकडे राजवाड्याच्या कडेस आजही पडलेले आहेत. वॉर्सा पाहावयास जाणाऱ्याने वरचा राजा पाहावा, आणि खालचे ते तुकडेही पाहावेत.